ओ देऊ नका

४ जून
नोकरी लागली एकदाची. आई म्हणायची, तुझ्या तोंडाचा कधीतरी उपयोग होईल; तो झाला. जळक्या शिलाई कारखान्यात लोकांना फिरवायचं, भुताची गोष्ट सांगायची आणि त्याचा पगार घ्यायचा. आई मला भोंगा म्हणते, हे मात्र इथे कुणाला कळू द्यायचं नाही.
खोलीही छान मिळाली, कारखान्याच्या मागच्याच गल्लीत. खिडकीत ऊन येतं आणि नळाला पाणी आहे. घरमालकीण काकू एकट्याच असतात. त्यांनी न मागता चहा आणून दिला, पण काम काय करतेस ते विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही. ही वही पर्समध्येच ठेवणार, म्हणजे काही सुचलं की जागच्या जागी लिहिता येईल.

७ जून
गोष्ट अशी. फार वर्षांपूर्वी इथे बायका शर्ट शिवायच्या. कापड चोरीला जाऊ नये म्हणून कामाची पाळी सुरू झाली की दालनाला बाहेरून कुलूप. दाराशी एक बाई बसायची, तिला सगळे दारवाली म्हणायचे. पाळी सुटली की ती एकेकीला तिच्या घरच्या लाडक्या नावाने हाक मारायची आणि आतून ओ आली की तिला बाहेर सोडायची. एका दुपारी आग लागली. दारवालीने कुलूप काढलंच नाही, नुसती बाहेर उभी राहून हाका मारत राहिली.
एवढंच फेऱ्या चालवणाऱ्या साहेबांनी सांगितलं. मला ते अळणी वाटलं, म्हणून पदरचं मीठ घातलं: जिने जिने ओ दिली, तिला आगीने ओढून नेलं. तेव्हा आजही इथे हाक आली तर ओ देऊ नका. तशी पाटीही खडूने लिहून दालनाच्या भिंतीवर लावली.
पाहुण्यांना आत उभं करायचं, दार लोटून घ्यायचं आणि बाहेरून म्हातारीच्या आवाजात तिकिटावरची नावं पुकारायची, अशी माझी पद्धत. कुणीतरी विसरून हमखास ओ देतं. आधी किंचाळ्या, मग हशा. आज तर टाळ्या पडल्या.

१५ जून
गर्दी वाढलीय. किराणावाला हसत सांगत होता, गल्लीतली पोरं हल्ली आईने हाक मारली तरी ओ देत नाहीत. मला जरा चढलंच.
आज एका आजोबांनी बाजूला घेऊन विचारलं, त्यांना बबड्या म्हणतात हे मला कुठून कळलं? तसं म्हणणारी त्यांची बहीण कधीच गेली. मी तर त्यांना तिकिटावरच्याच नावाने हाक मारली होती. धंद्यातलं गुपित म्हणून वेळ मारून नेली. त्यांचे डोळे भरले होते. असो.

१९ जून
मी कोणती गोष्ट सांगते ते काकूंना कळलं. चहाचा कप ठेवून उंबऱ्यातच बसल्या आणि आवाज न चढवता सगळं बोलल्या. दारवाली म्हणजे त्यांची आई.
किल्ली तिच्याकडे कधी नसायचीच. ती मुकादमाच्या खिशात, आणि मुकादम बाहेर जेवायला गेलेला. दार निघेना तशी ती मागच्या बाजूला धावली आणि माल उतरवायची लहान झडप दगडाने फोडली. आत धुरात कुणालाच काही दिसत नव्हतं. तिथून ती एकेकीला हाक मारायची, ओ आली की त्या दिशेने हात आत घालायची आणि ओढून काढायची. कोपरापर्यंत भाजली. ज्यांची ओ आली नाही त्यांची नावं ती पुढे अंथरुणात पडल्या पडल्या घेत राहिली, जाईपर्यंत.
"तिला ओ देणाऱ्या वाचल्या गं," काकू म्हणाल्या. "तू नेमकं उलटं सांगतेस."
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्यापासून बदलते, म्हणून शब्द दिला.

२० जून
सकाळच्या फेरीला खरी गोष्ट सांगितली. लोक जांभया देत होते. मग भूत कुठाय, असं एकाने विचारलं. साहेबांचं तोंड उतरलं; मला कायम करायचं की नाही, ते याच महिन्यात ठरणार आहे.
दुपारी पुन्हा जुनीच सांगितली. टाळ्या.
काकूंना म्हटलं, बदलली हो गोष्ट. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. किती नीच आहे मी.

२६ जून
लिहायला हवं. दुपारच्या फेरीत एक लहान मुलगी दिसेनाशी झाली. तिच्या आईने हाका मारल्या, आम्ही सगळ्यांनी मारल्या. कुठून हूं की चूं नाही. शेवटी माल चढवायच्या जुन्या लिफ्टच्या खड्ड्यात सापडली, हात मोडलेला. शुद्धीवर होती. आमच्या सगळ्या हाका ऐकत होती. मी सांगितलं म्हणून गप्प पडून राहिली.
म्हणाली, काठावर एक आजी बसली होती, तिचे हात काळे होते, ती सारखी छकुली छकुली करत होती. पण मी ओ दिलीच नाही, ताई. मग आजी रडायला लागली.
शाबासकी हवी होती तिला. माझ्याकडून.

२८ जून
फेऱ्या बंद. काकूंना खरं सांगितलं, गोष्ट बदललीच नव्हती म्हणून. त्या माझा कप उचलून आत गेल्या.
भर दुपार आहे. दालनात आलेय, पाटी पुसायला. निदान एवढं तरी. अर्धी पुसली. दार उघडं ठेवलं होतं, कुणीतरी लावलंय. साहेब असतील. ठोठावलं. कुणी नाही.

जळक्या कापडाचा वास. भिंतींनाच असेल.
नाही. कडी तापलीय—बोटं भाजली. फोन लागत नाही.

धूर. वहीसुद्धा नीट दिसत नाही—
मागच्या भिंतीतून बाईचा आवाज. झडप होती तिथून. ती कधीच विटांनी बुजवलीय, तरी. एक नाव घेते. थांबते. वाट बघते. मग पुढचं.

माझ्या आजूबाजूला खोकताहेत. खूप जणी. कुणीच ओ देत नाही. एकही नाही.
रोज इथेच उभी राहून सांगत होते मी. या ऐकत होत्या—

भोंगा.
आईशिवाय कुणी मला—
पुन्हा. भोंगा, कुठेस गं बाळा.

ओ द्या तिला, मी खोटं सांगितलं, ओ द्या—ओरडायचंय. ओरडता येत नाही. मागून कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवलाय. गरम. जोर नाही त्यात. काळजीने ठेवलाय, मी शिकवलं तसं—

आवाज पुढे सरकतोय. पुढचं नाव घेतलं तिने.
थांबा, मी इथे आहे, मी इथे, ओ