बरडावरचं घर

६ एप्रिल
घर बांधायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. अंजना भाकरी थापत होती, काही बोलली नाही. बायकोचा होकार समजायला हरकत नाही.

जागा किन्हीराजा गावातल्या आमच्या शेतातली. काळ्या मातीत मात्र नाही – ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, भिंती फाटतात. वरच्या कोपऱ्यात मुरमाचं बरड आहे. तिथं गवतही धड येत नाही. तिथंच!

९ एप्रिल
दिवसभर बरडावर खुर्ची टाकून बसलो. काठी रोवली, तासातासाला सावली मोजली. चारनंतर पश्चिमेचं ऊन माणसाला भाजून काढतं. म्हणून पश्चिमेला खिडकी नाही. जाड भिंत आणि तिच्याआड धान्याची खोली. उत्तरेला डोंगर आणि तलाव – तिकडं मोठा व्हरांडा. दक्षिणेला रस्ता, तिकडं घराची पाठ. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. रस्ता पाहून झाला.

१० एप्रिल
पाठभर घामोळं.

१३ एप्रिल
सैफुद्दीन मिस्त्री मंगरूळपीरला आमच्या भाड्याच्या खोलीवर आले. माझा नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"देवमनभाऊ, लोकं रस्त्याकडे तोंड करतेत. तुमी पाठ काहून करून राह्यले?"

"डोंगर तिकडं आहे."

"डोंगर काय पळून राह्यला का?"

पण माणूस कामाचा. छतावर पांढरा चुना, व्हरांड्याचं छप्पर हातभर पुढं, भिंतीत वर झरोके म्हणजे गरम हवा निघून जाईल – हे सगळं त्यांनीच सुचवलं.

अंजनानं चहा दिला. विचारलं, "व्हरांड्यातून येनारीजानारी मानसं दिसतीन का?"

"नाई भाभी."

ती कप घेऊन आत गेली. चहा अर्धा राहिला होता माझा.

१९ एप्रिल
मुहूर्त-बिहूर्त आपण पाहत नाही. बुद्धवंदना म्हटली, आखणी सुरू.

अंजनाला खुर्चीत बसवलं. डोंगर दाखवला, तलाव दाखवला, बगळे दाखवले. दहा मिनिटं चहूकडं पाहत होती. वाटलं, भारावली.

मग म्हणाली, "मानसं कुठी हायेत?"

म्हटलं, इथं शांतता आहे.

"शांतता मले नका सांगू. तुमी मुक्कामी गाडीवर, अन् मी खोलीत एकटी. शांतता मी लय पाह्यली."

वाटलं, राहायला आल्यावर आवडेल. तोंडानंही तेच बोललो.

२ मे
पाया जमिनीपासून दोन फूट वर आला. त्रेचाळीस अंश! व्हरांड्याच्या जागी मात्र वारा लागतो. अंदाज बरोबर निघाला.

अंजना गावात रुपाबाईकडं कुरडया करायला गेलीय, तिची जुनी मैत्रीण. आज सहावा दिवस. कुरडया सहा दिवस चालत नाहीत, हे आज लक्षात आलं.

३ मे
रुपाबाईकडं गेलो. अंगणात पाच-सहा बायका, सगळ्या एकदमच बोलत होत्या. मधे अंजना हसत होती. मी फाटकाशीच थांबलो. एवढ्या मोठ्यानं हसते हे माहीत नव्हतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली.

रुपाबाई म्हणाली, "भाऊजी, आत या ना!"

अंजनाला विचारलं, केव्हा येतेस?

"तुमी बांधा घर. चांगलंच होईन. मी पाहुनी म्हून येत जाईन."

रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर समजूत काढली असती.

४ मे
काम बंद ठेवायला सांगितलं. मिस्त्रींनी कारण विचारलं नाही.

७ मे
बरडावर एकटाच बसलो. बगळे आले. बगळ्यांशी काय बोलणार?

१२ मे
रुपाबाईनं तिच्या शेजारची मोकळी जागा देऊ केली. तीन बाजूंना घरं. वारा अडतो, डोंगर दिसत नाही, दार पश्चिमेला. आखणी अंजनानं केली. दारापुढं दहा माणसं बसतील एवढा ओटा! मिस्त्री माझ्याकडं वळले – "भाऊ, चालन ना?"

म्हटलं, "तिले विचारा."