चौदा नंबरनं पाय टेकला

८ जाने.
सकाळच्या एस.टी.नं भोरहून शिवऱ्याला, साडेआठला लॅबमध्ये. जुन्या बॅचच्या उंदरांच्या चालण्याचे शेवटचे गुण लिहिले. सगळे उंदीर मणक्याला इजा केलेले, मागचे पाय निर्जीव. इजेच्या जागी स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, सोडल्या होत्या. पुन्हा तगल्या नाहीत. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "टोचणं अवघड नाही गं. टोचलेलं जगवणं अवघड." डबा न उघडताच परत आणला.

१४ जाने.
माहेरी. विंझरच्या वरची वस्ती. मेंढरांना पाला तोडताना दादा उंबरावरून पडला, त्याला दोन वर्षं झाली. कमरेखाली काही कळत नाही. आज नवीनच. कोणी माणूस येऊन सांगून गेलाय, शहरात स्टेम सेलचं इंजेक्शन मिळतं, महिन्यात चालशील. दादा मेंढरं विकायला निघालाय. नको म्हटलं.
"सुमे, तू तेच उंदरास्नी देतीस. आन मला न्हाई?"
वहिनी भाकरी थापत राहिली.

२१ जाने.
मॅडमना सांगितलं होतं, त्या स्वतः आल्या. विंझरपर्यंत गाडी, पुढं पायी. घोंगडीवर बसल्या आणि सरळ बोलल्या. "आज माणसासाठी माझ्याकडे काही नाही. माझे उंदीरच अजून चालत नाहीत. जो आहे म्हणतो, त्याला सरकारी परवानगीचा कागद मागा."
दादा : "तवर म्या काय करू? भिंतीकडं बघत बसू?"
मग त्यांनी दाखवलं. सांधे कसे हलवायचे, कूस कधी बदलायची, हातांत जोर कसा आणायचा. "उद्या काही निघालंच, तर अंग तयार पाहिजे."

२५ जाने.
वहिनीचा फोन. त्या माणसाला कागद मागितला. पाठवतो म्हणाला, तेव्हापासून फोन उचलत नाही. मेंढरं राहिली. दादानं आढ्याला दोर बांधून घेतलाय, धरून उठायला.

३ फेब्रु.
चार दिवस जुन्या वह्या चाळतेय. दिवसाच्या पहिल्या उंदराचे गुण जवळजवळ नेहमी शेवटच्यापेक्षा बरे. आपण सगळ्या पेशी सकाळीच तयार करून बर्फावर ठेवतो, शेवटच्याचा नंबर लागेस्तोवर दुपार. तोवर त्या मरत असतील? मी भोरच्या कॉलेजची बी.एस्सी., पिंजरे धुणारी. मॅडमना कसं सांगायचं, आणि चुकलं तर?

५ फेब्रु.
सांगितलं. मॅडम बराच वेळ पानं उलटत होत्या.
"हे आधी का नाही बोललीस?"
"कुणी विचारलं नाही."
तोंडातून गेलंच. त्या रागावल्या नाहीत. उठून सकाळपासून बर्फावर ठेवलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली घेतल्या. मेलेल्यांचा खच. मला बघायला लावलं.
नवी बॅच ठरली. निम्म्या उंदरांना जुन्या पद्धतीनं, निम्म्यांना ऑपरेशनच्या क्षणी केलेल्या ताज्या पेशी. बाकी सगळं सारखं, रोज झोळीत धरून फिरत्या पट्ट्यावर चालवणं सगळ्यांनाच. कुणाला काय दिलं ते बंद पाकिटात. गुण देणार मी, म्हणून मला कळता कामा नये.

१९ मार्च
काही नाही. सगळे पाय ओढतायत. पाठ दुखते, दिवसभर पट्ट्यावर वाकून.

११ एप्रिल
चौदा नंबरनं आज मागचा तळवा टेकला. उजवा. घासला नाही, टेकला, आणि वर अंगाचा भार घेतला. तीन पावलं. पट्टा थांबवून पुन्हा सुरू केला. पुन्हा टेकला. धावत जाऊन मॅडमना घेऊन आले.

२ मे
पाकीट फोडलं. भार घेणारे सहा. सहाही ताज्या पेशींचे. मॅडम स्टुलावर बसल्या, "तुझ्या वह्या," एवढंच म्हणाल्या. मग सगळ्या लॅबला पेढे. मी भोर स्टँडवर उतरून दोन प्लेट भजी खाल्ली, एकटीच, हसत. भजीवाला बघत होता.

१० मे
वस्तीवर. दादा हातांच्या जोरावर खाटेवरून खुर्चीत आला, कुणाचा हात न लागता. आता कोकरं तोच मोजतो. मोबाइलवर चौदा नंबरचा व्हिडिओ दाखवला, त्यानं चारदा पाहिला.
"ह्याचं आता काय?"
खरं सांगितलं. सोमवारी गुंगीचं औषध देऊन कायमचं झोपवायचं. पेशी जगल्या का, ते मणका कापूनच कळतं.
दादानं मोबाइल परत दिला. "आमीबी जनावरं राखतो. हात हलका ठेव."

१६ मे
हात हलका ठेवला.
आज मणक्याचा काप काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. पेशी तगलेल्या. इजेच्या पलीकडे मज्जातंतूंचे धागे गेलेले, खुणेच्या रंगानं हिरवे चमकतायत. जेवायची सुट्टी संपली तरी उठवेना. एवढं सुंदर मी काही पाहिलेलं नाही.

२८ डिसें.
दुसऱ्या एका लॅबनं आमच्या पद्धतीनं केलं. तेच निघालं. मॅडमच्या लेखात माझं नाव तिसरं, पूर्ण, वडलांच्या नावासकट. माणसांवरच्या पहिल्या चाचणीचा अर्ज गेला. परवानगी देणारी समिती काय म्हणेल ठाऊक नाही. आणि आमच्या उंदरांची इजा ताजी होती. दादासारख्या जुन्या इजेला लागू पडेल का, मॅडमही सांगू शकत नाहीत.
हे सगळं दादाला फोनवर सांगितलं, काही न लपवता.
"परवानगी कवा?"
"माहीत न्हाई, दादा."
"बरं. ठेव आता. मेंढरं सोडायचीत."