रेवतीची काटकसर

जिंतूर, शुक्रवार, एकादशी

आज आलं: शेंगदाणे एक किलो, एकशे चाळीस, भगर अर्धा किलो, सत्तर. पण हिशोबात जीव लागत नाही.

संध्याकाळी पुण्याहून रेवतीचा फोन आला. दवाखान्यात सलाइनमधून औषध सोडणाऱ्या यंत्रासाठी लेक सी भाषेत प्रोग्राम लिहिते. मेमरीतली कोणती जागा कशाला दिली, कोणती रिकामी, ही नोंद लाईट जायच्या आत जपायची आणि लाईट आली की परत मांडायची, हे तिचं काम. तिनं नोंद तेवढी जपली, जागेतला मजकूर जपलाच नाही.

"लय जागा लागायली होती, आई. तुझ्यासारखीच काटकसर केली."

म्हणजे यादीत डाळीचा डबा भरलेला, अन् आत भलतंच. चाचणीत औषधाचा आकडा चुकला.

"साहेबांना सांगितलंस?"

"आधी गुपचूप दुरुस्त करते की."

"अगं, सोमवारी यंत्र दवाखान्यात चाललंय ना?"

फोनच ठेवला तिनं.

तुझ्यासारखीच, म्हणाली. मी तेलात हात आखडला, कुणाच्या जिवात आखडला का? जपाला बसले, तर माळ पुढं सरकेना.

आता फोन उचलत नाही. म्हणून मेसेज लिहिला: पोरी, आधी साहेबांना सांग, मग दुरुस्त कर. सांगितलंस की उलट टपाली कळव.