मागच्या कडा

प्रिय इंद्रजित,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचल्याचं दिसतं, उत्तर येत नाही. म्हणून म्हटलं कागदावरच लिहावं. बाजूला सारायलासुद्धा कागद आधी हातात घ्यावा लागतो. दिवाळी तोंडावर आलीय. यंदाही तू आला नाहीस तर ताट घेऊन गच्चीवर जायचं आणि भावाच्या जागी चंद्राला ओवाळायचं. गेल्या वर्षी तोही ढगात होता. हाही तुझ्याच वळणावर गेला, असं म्हणून एकटीच हसले, आणि मग रडलेही.

म्हसवडात सगळं बरं ना? आईचे गुडघे काय म्हणतात? इथं सांगलीत पाऊस उघडला, पण नदीकडच्या भिंतीची ओल अजून गेलेली नाही. ती भिंत बघितली की तुझा रॅक आठवतो. भाऊबीजेला ताटात पाकीट टाकायचं सोडून तू पार्टिकल बोर्डाच्या फळ्या टेम्पोत घालून आणल्यास आणि दिवसभर खपून रॅक उभा केलास. समोरच्या कडांना इस्त्रीनं चिकटवायची पट्टी अशी बसवलीस की बोट फिरवून सांधा कळत नव्हता. भिंतीकडच्या कडा मात्र उघड्याच ठेवल्यास. आपल्या कोरड्या माण तालुक्यात त्या कोण झाकतं? तिथं भिंतीला ओल दाखवायची म्हटली तरी सापडायची नाही. इथल्या पहिल्याच पावसाळ्यात मागून फळ्यांतला दाबलेला भुसा फुगला, फळ्या पाण्यात पडलेल्या पावासारख्या झाल्या आणि माझे डबे खाली आले.

पुढच्या भाऊबीजेला तू आलास तेव्हा तुझ्या दाजींनी तो रॅक अंगणात काढून ठेवला होता. शेजारपाजारचे बघत होते. "पुढनं लय झकपक, अन् मागनं उघडंच. तुमच्या म्हसवडची माणसंबी अशीच," ते म्हणाले. तू एवढंच म्हणालास, "आमच्याकडं भिंती भिजत न्हाईत, दाजी." आणि वळलास. तुमच्या दोघांच्या मध्ये मी चहाचा कप घेऊन उभी. तेव्हापासून तू या घराची पायरी चढला नाहीस.

आता जे मेसेजमध्ये लिहवलं नाही ते लिहिते. श्रावणात तुझ्या दाजींना झटका आला. आईला कळवलं नाही, ती हाय खाईल. उजवा हात गेला, वाचा गेली. घशातून आवाज येतो, त्याचा शब्द होत नाही. मी भरवते आणि ते त्या ओल्या भिंतीकडे बघत राहतात. सारखा टोचून बोलणारा माणूस. आता दिवसभर टोचून बोलला तरी मला चालेल. दुसरा झटका कधी येईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

परवा दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावर, जुन्या गोधडीखाली, नव्या फळ्या सापडल्या. तुझ्याच रॅकच्या मापाच्या. शेजारी पट्टीचं भेंडोळं आणि वॉर्निशचा डबा. झटका यायच्या आधी कधीतरी, मला न सांगता, ते हे करत बसले होते. पट्टी वाकडीतिकडी, इस्त्रीनं जागोजाग करपलेली. असलं काम त्यांना कधी जमलंच नाही. पण मागची एकही कड उघडी नाही, आणि त्यावर वॉर्निशचे दोन हात. पुढच्या कडांना मात्र त्यांनी हातच लावलेला नाही. फळी त्यांच्यासमोर धरून मी विचारलं, या का राहिल्या? त्यांनी डाव्या हातानं दाराकडे दाखवलं. मी तुझं नाव घेतलं. त्यांनी मान डोलावली आणि डोळे पुसायला सवयीनं उजवा हात उचलायला गेले, तो उठला नाही. मी पुसले.

पुढच्या कडा मीही लावल्या असत्या, इस्त्री घरात आहे. लावणार नाही. त्या तुझ्यासाठी ठेवल्यात. दाराशी गाडी वाजली की ते मान वळवतात, आणि किती दिवस वळवतील ते मला ठाऊक नाही. यंदा मी गच्चीवर जाणार नाही, इंदू. तुझा पाट त्यांच्या खाटेजवळ मांडणार आहे.

तुझीच,
आक्का