सायलीच्या रायफलची नळी

पुणे, ३ जुलै २०२४

तीर्थस्वरूप आश्रुबाकाकांस परमेश्वरचा कृ. सा. न. वि. वि.

मी इथे बरा आहे, घरची खुशाली कळवावी. गोळीबाराने तुमचे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही. शिवाय हत्याराची गोष्ट तोंडी करायची नाही, तारीख-सही घालून कागदावरच करायची, ही फौजेतली तुमची शिस्त. म्हणून हे सविस्तर पत्र.

तुमच्या सायलीला क्लबाने दिलेली रायफल दुकानात उघडून पाहिली. नळीच्या आत गंजाचे खड्डे पडले आहेत. हे माझ्या हातून झाले. गेल्या पावसाळ्यात ती सर्व्हिसिंगला आली, तेव्हा मीच ती दमट फोमच्या पेटीत बंद केली आणि अकरा दिवस उघडली नाही. आमचे वस्ताद जीवनराव म्हणतात, आता घासून उपयोग नाही, नळीच बदला. नोव्हेंबरच्या नेमबाजीच्या राज्य निवड चाचणीपूर्वी नवी नळी बसवायची, तर ३१ जुलैला दुपारी जाणाऱ्या ऑर्डरमध्ये आपले नाव हवे. पुढची ऑर्डर थेट दिवाळीनंतर.

नळी दोन पोलादांत मिळते. एक काळे, क्रोम-मॉलीचे. ते चिवट, पण रोज तेलाचा हात मागते. दुसरे स्टेनलेस. त्यालाही गंज चढतो, पण फार उशिरा. वस्ताद म्हणाले की एवढ्या लहान गोळीला दोन्ही सारखीच, दोन्ही तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जगतील, एकावर बोट ठेव बे आणि मोकळा हो. माझे बोट ठेवायचे धाडस होत नाही. एकदा चुकलो आहे. आई-वडील ऊसतोडीला जायचे तेव्हा तुम्ही मला सांभाळले, पाना धरायलाही तुम्हीच शिकवले. तरी निर्णय तुम्हीच द्यावा.

काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नये.

आपला,
परमेश्वर


नेकनूर, १० जुलै २०२४

चिरंजीव परमेश्वर यास आश्रुबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. अक्षर अजून तसेच हाय, मुंग्यांची रांग. तुझी काकू म्हणते, पोराने मास्तर व्हायचे तर दहावीलाच शाळा सोडून लोखंडाच्या नादी लागला.

गंजाचे मनाला लावून घेऊ नको. मी तर पलटणीत अवजारांची अख्खी पेटी गंजवली होती. पण त्या दिवसापासून एक शिकलो, विचारल्याशिवाय आणि लिहिल्याशिवाय काही करायचे न्हाई. म्हणून घाई नको. तीन गोष्टी लिहून कळव. काळ्याला तेल कोणते लागते? स्टेनलेसचे वजन जास्त भरते का? आणि थंडीत दोन्हींपैकी ठिसूळ कोणते होते?

इकडची एक गोष्ट तुझ्या कानावर असावी. सायलीचे मामा, दिंद्रुडचे बिभीषणराव, गेवराईचे एक स्थळ घेऊन आले होते. पोरगी राज्याच्या संघात आली तर दोन वर्षे लग्नाचा विषय काढायचा न्हाई, न्हाईतर तुळशीच्या लग्नानंतर बार उडवायचा, असा शब्द मी त्यांना दिला हाय. सायली तेव्हा चहा घेऊन आली होती. कप ठेवून आत गेली. तेव्हा नळी चुकायला नको.

डब्याची आबाळ करू नको. आठवण राहू दे.

तुझा काका,
आश्रुबा


पुणे, १६ जुलै २०२४

ती. काकांस परमेश्वरचा कृ. सा. न. वि. वि.

काल तुमचे पत्र मिळाले. लग्नाचे वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. सायलीचे लग्न का नेमबाजी, हे माझ्या एका कागदावर येऊन ठेपले आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे सोबतच्या पानावर तक्ता आखून दिली आहेत. थोडक्यात, तेल आपले नेहमीचेच, वजनात नावापुरता फरक, आणि आपल्याकडच्या थंडीत ठिसूळ कोणतेच होत नाही. तक्ता तीनदा तपासला. वस्तादांनी तो पाहून विचारले की हे रायफलचे चालले आहे का सोयरिकीचे. दुकानातली सगळी हसली. मीही हसलो, पण मला नेमबाजीच्या रेंजवर पाऊल टाकल्याचे आठवत नाही. मला फक्त लेथ कळते. म्हणून भीती वाटते.

सोबत ऑर्डरचा अर्ज आहे. पोलादाच्या रकान्यात तुमच्या हाताने लिहून, सही करून पाठवावा. टपालाला इकडे पाच-सहा दिवस लागतात, तेवढे ध्यानात असावे.

लहानाला पदरात घ्यावे.

आपला,
परमेश्वर


नेकनूर, २३ जुलै २०२४

चि. परमेश्वर यास आशीर्वाद.

तक्ता लई झकास. मी दोन रात्री विचार केला. अर्जात काळे पोलाद लिहून सही केली हाय. आमच्या पलटणीत तेच होते आणि त्याने कधी दगा दिला न्हाई.

पण एक शंका राहिली. सायलीच्या तळव्यांना लहानपणापासून घाम फार. शाळेत तिची वही भिजायची. तो घाम काळ्या नळीला रोज लागला तर काय होईल, हे माल देणाऱ्याला लेखी विचार. त्याचे उत्तर आले की मगच अर्ज पुढे सरकव. आपल्याकडून कसर नको.

काकूने तिळाची चटणी केली हाय, येणाऱ्या माणसाबरोबर धाडतो. सुखात राहा.

तुझा काका,
आश्रुबा


पुणे, ५ ऑगस्ट २०२४

ती. काकांस कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला पाच दिवस लागले. चार कागद फाडले.

तुमचा सहीचा अर्ज २९ तारखेला मिळाला. वस्ताद म्हणाले, सही आहे, आण इकडे, पाकिटात टाकतो. मी म्हणालो की एक शंका बाकी आहे. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाले, काहून स्वतःच्या पायात पाय घालतो बे. तरी मी अर्ज खिशातच ठेवला. घामाबद्दलचे पत्र दोनदा खरडले, तिसऱ्यांदा नीट लिहिले आणि ३१ तारखेला सकाळी ते रजिस्टर करायला पोस्टात गेलो. लांब रांग होती. परत आलो तेव्हा ऑर्डर गेली होती. अर्ज माझ्या खिशात होता.

वस्तादांनी फोन करून पाहिला. आता नळी जानेवारीत येईल. मी सायलीच्या समोर कसा उभा राहू, ते तुम्हीच सांगा.

आपला अपराधी,
परमेश्वर


नेकनूर, १४ ऑगस्ट २०२४

चि. परमेश्वर यास आशीर्वाद.

अपराधी तू एकटा न्हाईस. शंका माझी होती. सायलीला सांगितले. ती म्हणाली, जुन्या नळीवर मारते. मग गोठ्यात जाऊन म्हशीला पाणी दाखवत बराच वेळ उभी होती.

बिभीषणरावांकडे शब्द परत मागावा म्हणून गेलतो. ते म्हणाले, भाऊजी, शब्द तुमचाच होता. मी तशीच परतीची एसटी धरली.

जेवत जा.

काका


गेवराई, १७ फेब्रुवारी २०२५

परमदादास सायलीचा नमस्कार, वि. वि.

मी सासरी सुखरूप आहे. माणसे बरी आहेत. इथे आल्यापासून पहिलेच पत्र तुला लिहिते आहे, कारण तू लग्नात मांडवाच्या बाहेरच्या बाहेर निघून गेलास, असे आई म्हणाली. जेवूनही गेला नाहीस.

चाचणीत गोळ्या एका जागी बसत नव्हत्या. दोन गुण कमी पडले. नळी चांगली असती तर ते मिळाले असते की नाही, हे मलाही सांगता येणार नाही, तेव्हा तू ते रोज मोजत बसू नको. नवी काळी नळी बसवून रायफल क्लबात आली आहे म्हणे. आता करिष्मा नावाची मुलगी ती वापरते. चांगली मारते, असे सरांनी सांगितले.

एक गोष्ट मात्र लिहायची होती. नेम धरताना माझ्या डाव्या हातात जाड हातमोजा असतो, त्याने मी रायफलचे लाकूड धरते. उजवा हात घोड्याजवळ. नळीला माझा तळवा लागतच नाही, दादा.

तुझी पत्रे पोस्टातून मीच आणून आबांना देत होते. त्यांची पाकिटे चिकटवून पोस्टात मीच टाकत होते. पावसात ओढणीखाली धरून नेली. दीड महिना. तुम्ही दोघांनी सगळे लिहून विचारले, वजन, तेल, थंडी, घाम. मी तिथेच होते. मला कोणतीही नळी चालली असती.

आबा हल्ली कुणालाच पत्र लिहीत नाहीत. तू त्यांना लिही. आणि या पत्राला उत्तर दिलेस, तर पहिल्याच कागदावर दे.

तुझी,
सायली