नानांच्या गोळ्या अन् बेबीनंदाचे बदाम

वाटूर,
१४ नोव्हेंबर १९९९

तीर्थरूप दुर्गाअक्कास, धाकट्या मच्छिंद्रचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजींचा गुडघा कसा हाये? नाशकातली थंडी त्याला सोसत नसंल. आम्ही सगळे खुशाल. नानांची तब्येतबी बराबर हाये, फक्त डोक्याचं जरा सांगायचंय. फोनवर सांगता येईना, कारण बूथवाला आपल्या घरचं सगळं ऐकतो अन् वर सल्लाबी देतो.

उन्हाळ्यापासून नाना विसरून राह्यले होते. जेवून हात धुतले की विचारायचे, आज जेवायचं न्हाई का? आम्ही हसण्यावारी नेलं. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी ते नवं धोतर नेसून फाट्यावर गेले अन् जालन्याच्या गाडीत जाऊन बसले. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर म्हणाले, "जल्दी चल बाबा, जाफराबादला माझं लगीन हाये." (आईला जाऊन नऊ वर्षं झाली, हे त्या बिचाऱ्याला कसं ठाऊक असणार? पण माणूस भला. हाताला धरून त्यानं नवरदेवाला खाली उतरवलं अन् पानवाल्याला माझ्या शाळेत पाठवलं.) त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन रडलो, अक्का. तुला कळवलं न्हाई.

मंग घरात दोन पक्ष झाले. तुझ्या भावजयीचं, बेबीनंदाचं म्हणणं, हे सगळं पोटातून होतं. तिनं भिजवलेले बदाम, गाईचं तूप अन् अक्रोड चालू केले (अक्रोड मेंदूसारखा दिसतो, एवढा पुरावा तिला बास). वांगं, तेलकट अन् चहा बिलकुल बंद. मी गोळीच्या पक्षाचा. नानांना नीट झोप लागंना म्हणून मेडिकलमधून झोपेची गोळी घेऊन आलो, डॉक्टरला न विचारताच. नानांनी कुणालाच नाराज केलं न्हाई. बदाम खाल्ल्याचं विसरून ते पुन्हा मागायचे, बेबीनंदा खुशीनं पुन्हा द्यायची, अन् चौथ्या दिवशी पोट बिघडलं. माझ्या गोळीनं ते दिवसाबी पेंगायला लागले, जीभ जड झाली, अन् मला तर ओळखेनातच.

शेवटी जालन्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्तो. आम्ही नवरा-बायको तिथंबी भांडलो. बाईंनी रक्त तपासलं, सगळं ऐकून घेतलं अन् सगळ्यात आधी माझी झोपेची गोळी बंद केली. "मास्तर, या वयात अशा गोळीनं गोंधळ वाढतो. कुणाला विचारून दिलीत?" बेबीनंदाचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! तेवढ्यात बाई तिच्याकडे वळल्या. "आणि चहा का तोडला त्यांचा? खाणं चांगलं ठेवा, पण बदामानं हा आजार जात नाही." मंग माझाबी थोडा फुलला. त्यांनी एक वेगळी गोळी लिहून दिली. म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं कदाचित जरा जास्त दिवस टिकेल.

आता सकाळी चहा, भाकरी अन् गोळी. गोळी बेबीनंदाच देते अन् गिळेपर्यंत समोर उभी राहते (पहिल्या आठवड्यात बंडीच्या खिशात सहा गोळ्या निघाल्या होत्या). नाना जागे असतात, हसतात, ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्याला चहाला बोलावतात, अन् लोक येतातबी. मला कधी मच्छिंद्र म्हणतात, कधी मास्तर. दोन्ही मीच हाये, म्हणून मी ओ देतो. घर बरं चाललंय, अक्का. खरंच.

दाजींना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझा धाकटा,
मच्छिंद्र

ता. क. – खरं तर पत्र याच्यासाठीच लिहिलं. बेबीनंदाला दीड वर्ष झालं, शहागडला माहेरी जाता आलं न्हाई. ती मागत न्हाई अन् मागणारबी न्हाई. तू पंधरा दिवस येशील का?

आणखी एक – नानांनी आत्ता विचारलं, कुणाला लिहितो? म्हणलं, दुर्गाअक्काला. "तू तिचा कोण?" म्हणलं, धाकटा भाऊ. तर म्हणाले, "मंग कशाला एवढं लांबलचक लिहितो? नुसतं ये म्हण. येती ती."