शुभेच्छुकांसह रेझ्युमे

३ जून, सकाळी
आजपासून राग बंद. सांगलीतल्या पंप कारखान्याची इंटर्नशिप मिळवायचीच. नाही मिळाली तर आप्पा (वडील) कॉलेज सोडायला लावून गावी वडूजला नेणार. सैन्यात सुभेदार होते, म्हणाले की करतातच. रेझ्युमे असा करणार की एचआर गार पडला पाहिजे.

३ जून, दुपारी
रूममेट जयराजचा रेझ्युमे पाहिला. एक पान, काळं-पांढरं, फोटो नाही. दहाव्याच्या पत्रिकेतसुद्धा फोटो असतो, असं त्याला म्हणालो. तर म्हणतो, "तुझ्यात लिवाय हाय काय रं?" ड्रॉइंगचा मिनी ड्राफ्टर फेकून मारला. भुवई फुटली त्याची. राग उद्यापासून बंद.

५ जून, वडूज
फ्लेक्सवाल्या दादासोकडून रेझ्युमे करून घेतला. मागे वाघ, वर 'युवा अभियंता', गॉगलमधला फोटो. क्रांती (धाकटी बहीण, उगाच शहाणी) म्हणाली, दादा, रेफरन्समध्ये तुझं काम माहीत असलेली माणसं लागतात. मग शुभेच्छुक वेगळे काय असतात? आमच्या मंडळाची सगळी पोरं टाकली, फोटोसकट.

६ जून
मंडळाचा अध्यक्ष वीरधवल दुकानात आला. मंडळातल्या पृथ्वीराजचा फोटो आपल्यापेक्षा मोठा का, म्हणून आधी पृथ्वीराजला तुडवलं, मग दादासोला, मग मध्ये पडलो म्हणून मला. दुकानाची काच गेली, माझा पुढचा दात गेला. वीरधवलचा फोटो मोठा केला. रेझ्युमेत 'कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट' वाढवलं. उगाच खोटं लिहायची आपल्याला सवय नाही.

१२ जून, सांगली
इंटरव्ह्यू झकास. एचआरचे मोहिते साहेब रेझ्युमेकडे बराच वेळ बघतच राहिले. मग मागे जोडलेलं माझं पंपाचं ड्रॉइंग काढून प्रश्न विचारले. ड्रॉइंग मी स्वतः केलंय, धडाधड सांगितलं. शेवटी हसून म्हणाले, पहिल्या शुभेच्छुकांना फोन लावू का? लावा म्हटलं. वीरधवल स्पीकरवर म्हणाला, "पोरगं घ्या सायेब. न्हाईतर कंपनी पेटवतो." एवढा भक्कम रेफरन्स जयराजकडे कुठला?

१५ जून
यादी लागली. जयराज आहे, मी नाही. खोलीवर येऊन त्याच्या बरगडीत लाथ घातली. त्याने उलट माझं नाक फोडलं. हे अपेक्षित नव्हतं. वीरधवलला फोन करून सांगितलं की उद्या कंपनीत निवेदन द्यायचं, पण शांततेत. तो "व्हय व्हय" म्हणाला. म्हणजे समजलं असणार.

१६ जून, दुपारी
वीरधवल आणि पोरं तीन जीप भरून आले. निवेदन आणायला विसरले, दांडकी आणली. वॉचमनला गेटवरच आडवा केला. मग दगड. मी लांब उभा होतो. मोहिते साहेब समजावायला बाहेर आले आणि एक दगड त्यांच्या कपाळावर बसला. मी धावत जाऊन म्हणालो, सर, मी नाही मारला. त्यांचा रुमाल लाल झाला होता. म्हणाले, "एका मुलाने नकार दिलाय. वेटिंगला पहिला तूच होतास रे. ड्रॉइंगमुळे. आज फोन करणार होतो."

पोलिसांची गाडी दिसली तसे सगळे शुभेच्छुक पळाले. मी राहिलो.

१६ जून, संध्याकाळी
आप्पा पोलीस ठाण्यात आले. मी मार खायच्या तयारीत उभा राहिलो. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हॉस्टेलच्या खोलीची चावी मागितली आणि माझं सामान बांधायला गेले.